डोंगरातलं ऊन

सातला दिवा आपोआप लागला,
तरी यिंड्रा डोळे मिटूनच.
फांदीवर नाही, खाली, कुंडीतल्या मातीवर.
परवाच अंडी घालून झाली होती तिची,
एकेचाळीस, सगळी पोकळ.
उचलली तर शेपटीच्या मुळाशी
लालभडक, ओलं, चेरीएवढं काहीतरी.

आमच्या आजीच्या गोठ्यात गाईचं व्हायचं असं.
अंग बाहेर आलं, म्हणायची आजी,
आणि बाह्या सारून कामाला लागायची.
पण गाय म्हणजे गाय.
ही माझ्या तळहाताहून थोडी लांब.

डॉक्टर ओटिलिये फोनवर म्हणाल्या,
ओढू नका, ढकलू नका, सुकू देऊ नका.
घरात साखर आहे?
साखरेच्या पाण्यात कापूस भिजवा, ठेवा त्यावर.
सूज पाणी सोडते.
मी कॉफीसाठी ठेवलेले सात खडे
कोमट पाण्यात विरघळवले.
हात थरथरत होते. याच हातांनी मी
ऑस्त्रावाच्या जमिनीखाली सत्तावीस वर्षं ड्रिल धरलं.

बाहेर उणे अकरा.
बुटांच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी,
तिच्यावर टॉवेल, टॉवेलात ती.
ट्राममध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, केक का?
हो म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर भिंग चढवलं,
भूल दिली, धुतलं,
आणि ओल्या बोटानं, अगदी हळू,
जे आतलं ते आत घातलं.
मग बटव्याच्या तोंडाला घालतात तसा एक टाका,
नाडी ओढून,
काडेपेटीतली काडी जाईल एवढी वाट ठेवून.

मग हात धुताना, पाठमोऱ्याच,
दिवा कधी घेतला होता?
दोन वर्षं झाली असतील.
बदलला नाही?
लागतोय की अजून!
लागतो, त्या म्हणाल्या.
पण त्यात ऊन उरलेलं नाही.
उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही,
अंगी लागलं नाही की आतले स्नायू धरत नाहीत.

दोन वर्षं मी रोज सकाळी
तिला नुसता उजेड देत होतो.

आम्हालाही द्यायचे. हिवाळ्यात, पहिल्या पाळीनंतर,
आंघोळीच्या हॉलमागच्या खोलीत
चौदा जण उघडे, गोल करून, काळे चष्मे लावून,
मध्ये तो जांभळा दिवा.
डोंगरातलं ऊन म्हणायचो आम्ही त्याला.
काही जळाल्यासारखा वास यायचा.
ड्राहोश माझ्या डावीकडे बसायचा, खोकायचा,
म्हणायचा, बघ, मी रंगतोय.
त्या दिव्याचं वय
कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

सहाव्या रात्री पुन्हा थोडं डोकावलं.
पुन्हा साखर, पुन्हा कापूस, पुन्हा फोन.
पिंजऱ्यात माती नाही, नुसते कागद,
रोज दोनदा बदलायचे.
ड्रॉपरनं कॅल्शियम. ती काळीकुट्ट होऊन फुसफुसायची.
रागावण्याइतकं बळ आलं तर,
मी म्हणायचो, आणि पुढचा थेंब.

नवव्या दिवशी कागदावर
तपकिरी, टोकाला पांढरी,
इतकी सुबक शी की मी जिन्यात धावत जाऊन
व्लास्ताबाईंचं दार वाजवलं.
केली! केली!
त्या गाऊनमध्येच बाहेर आल्या.
कुणी? काय?

टाका निघाला तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं.
आता ती वरच्या फांदीवर असते,
पोटावर दोन हिरवे पट्टे परत आलेत,
एक डोळा माझ्याकडे, एक दिव्याकडे.
नव्या दिव्याच्या बुडाशी मी मार्करनं तारीख लिहिली आहे.
कधीकधी बाही सारून हात धरतो त्याच्याखाली.
काही जाणवत नाही.
म्हणजे जुन्याखालीही जाणवलं नसतं.

तो मी फेकलेला नाही.
तळघरात बटाट्यांच्या वर लावलाय.
छान उजेड पडतो.