नट आवळण्याआधी

मालगाव रस्त्याला, सोडावॉटरच्या कारखान्यापलीकडं
बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज: चार पत्रे, एक बाभूळ,
आणि बाभळीला टांगलेली साखळी-पुली.
नरवाडच्या मगदूमांचा पेट्रोल पिकअप
वर्षातून दोनदा तिथं यायचा, पानांच्या करंड्या उतरवून,
हौद्याच्या फळ्यांना ओल्या गोणपाटाचा वास.

"काय म्हणतीय?" बोनेट उघडायच्या आधी मिस्त्री विचारायचा.
भूपालआण्णा चपला काढून सांगायचे, दवाखान्यात सांगावं तसं:
चढाला जीव सोडतीय, सायलेन्सरात फटाकतीय,
आणि परवा हँडल मारताना उलटी आली.
हे ऐकलं की मिस्त्रीचा डावा हात
आपसूक उजव्या मनगटाकडं जायचा.
एकाहत्तर साली असंच एक हँडल उलटं आलं होतं.
हाड जुळलं, पण वाकडं;
तेव्हापासून तो सलामसुद्धा तिरकाच करायचा.

एक नंबरचा प्लग काढ, सिद्राम. अंगठा लाव.
मी भोकावर अंगठा दाबायचो, तो हँडल सावकाश ओढायचा,
आणि आतून कुणीतरी अंगठ्यावर फुंकर घालायचं.
"आली?"
"आली."
मग पुलीवरची खूण: रॉकेलच्या बोळ्यानं पुसून,
खडूनं पांढरी करून, काट्यासमोर.

आता सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
मिस्त्री ओढत नव्हता; पानपट्टीवाला
रिकामी पाकिटं त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा.
पाठचा कागद ओला करून सोलायचा, चांदीची पट्टी
पॉइंटच्या मिटल्या ओठांत द्यायची.
एका हातानं पट्टी ताणलेली, दुसऱ्यानं डिस्ट्रीब्युटर
रोटरच्या उलट, मुंगी चालावी तसा.
काही होत नाही. काही होत नाही.
काही होत नाही.
मग चांदी सुटते.

एवढंच. आवाज नाही, उजेड नाही.
"इथं ठिणगी," मिस्त्री म्हणायचा. "याच्या आधी आगाऊपणा,
याच्या नंतर पस्तावा." आणि स्वतःच हसायचा.

मग दंडोबाचा चढ. मी शेजारी, काच खाली,
आण्णा मागं हौद्यात दांडी धरून,
टॉप गिअर, आणि मिस्त्री मुद्दाम पाय दाबून.
"आलं का रं काही कानावर?"
मला वाटायचं, परीक्षा घेतोय.
मी कान द्यायचो: कोंबडीनं पत्र्यावर दाणे टिपावेत
तसं बारीक काहीतरी, चढाच्या शेवटाला.
"येतंय."
"किती?"
"सात-आठ दाणे."
"लई झाले. एखाददुसरा पडला पाहिजे, मग गाडी खुशीत."
आणि आम्ही बाभळीखाली परत.

एका वर्षी मला सहाच्या खेळाला जायचं होतं.
म्हणालो, "न्हाई येत काही."
त्यानं मान हलवली, पाय आणखी दाबला.
इंजिनात सगळं खुराडं सांडलं होतं.
आण्णांनी मागून टपावर थापा मारल्या:
"मिस्त्री, वाजतंय की! फुटंल मशीन!"

मिस्त्रीनं गाडी कडेला घेतली. आण्णांकडं पाहिलं नाही.
माझ्याकडं पाहिलं; रागानं नव्हे,
उधारीची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती लागावी तसं.
जवानीत तो लोको शेडला रिवेट मारायचा, हे मला ठाऊक होतं.
तरी अकरा वर्षं कळलं नव्हतं
की त्यानं विचारलेला एकही प्रश्न परीक्षेचा नव्हता.

खेळ बुडाला. बाभळीखाली त्यानं पाना माझ्या हातात दिला.
"नट आवळताना बॉडी केसभर सरकती.
तेवढं आधीच मागं ठेव." इतकंच बोलला.
मी पाना लावला. इंजिन चालू होतं.
त्यानं मडगार्डवर तळहात टेकला
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.