खाली काहीच उमटत नाही

दिवसभर मी चित्रांपाशी उभी असते,
हात लावू नका, म्हणत.
गुरुवारी संध्याकाळी तळघरात तिकिटं फाडते.
बाहेर ईरी सरोवर गोठलेलं,
आत सतरा माणसं.
चौघांनी कोटही काढलेले नाहीत.

वर ओडेल रीळ चढवतो.
आज हंगेरीचा जुना सिनेमा,
मधूनमधून खरवडला गेलेला.

तिसऱ्या रांगेत म्हातारे केरेकेश, टोपी मांडीवर.
ते सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी हसतात.
मग तळाची अक्षरं वाचून बाकीचे,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

शेवटच्या रिळात
एक बाई परसात येते, परात घेऊन,
कोंबड्यांना बोलावते.
खाली काहीच उमटत नाही.
कोंबड्यांच्या हाकेचं भाषांतर कोण करणार?
आम्ही तरी वाचायला थांबलेलो.

अंधारात केरेकेश, अगदी हलक्या आवाजात:
पी, पी, पी, पी…
आणि पडद्यावरची एक,
सगळ्यांत मागे राहिलेली,
मान वळवते.

(ओडेल म्हणतो, ती दर खेळाला वळवते.)

दिवे लागतात.
केरेकेश बटणं भलत्याच काजांत अडकवत
मला विचारतात,
अकरा नंबरची बस
गेली तर नसेल?