घुमकं

प्रीतम, आमचा जावई, म्हणाला, मामा,
आवाज आहे, पण पोटात बसत नाही.
मग राजारामपुरीच्या सातव्या गल्लीतून
काळं खोकं आणलं, तांदळाच्या डब्याएवढं.
तोंड भुईकडं, बोलणं कमी.

तसा स्टिरिओ माझा चांगला आहे,
उद्यमनगरात चौतीस वर्षं
लेथसमोर उभं राहून घेतलेला.
बारीक आवाज मला आता कमीच येतात,
बीडाचा कीस कानात राहिला असावा.
तरी वडणग्याच्या मैदानाची कॅसेट लावली की
माझी हलगी येते, कडकड कडकड,
जाळावर तापवलेली, तिरीमिरीत.
सिद्रामचं घुमकं मात्र
शेजारच्या घरात वाजल्यागत.

खोकं कोपऱ्यात ठेवलं
तर स्वयंपाकघरातली ताटं नाचली,
आणि मी जिथं बसतो त्या खुर्चीत
काहीच नाही. आटलेली विहीर.
असं होतं, प्रीतम म्हणाला. लाटा जातात,
भिंतीवरून परततात, वाटेत
एकमेकींना गिळतात.
त्यानं खोकं उचलून माझ्या खुर्चीत बसवलं
आणि मला म्हणाला, आता रांगा.

बासष्टाव्या वर्षी रांगलो.
भिंतीकडेनं, कपाटाला वळसा घालून,
कान फरशीपासून वीतभर.
वत्सला दारात. काय हरवलंय?
टीव्हीजवळ आवाज सुजलेला,
उंबऱ्यापाशी पातळ,
आणि शिलाई मशीनच्या डाव्या अंगाला
थेट छातीच्या फळीवर थाप.
इथं, म्हणालो. खडूनं फुली मारली.

एकानं भागेना. भिशी लागली त्या महिन्यात
दुसरं आणलं, समोरच्या भिंतीला.
ऐंशीच्या खालचं ओझं या दोघांनी उचलायचं,
वरचं जुन्या स्पीकरनी.
वाटणी झाली, भांडण नाही.

मग कॅसेट लावली,
आणि सिद्राम आला. पायातून वर.

तिसऱ्या फेरीला, जिथं चाल मोडली होती,
जिथं मी चारचौघांत म्हणालो होतो,
याचा हात जड पडतोय,
उद्यापासून हा नको माझ्या जोडीला,
तिथं घुमकं
खुंटा ठोकल्यागत जागेवर.
पळत होती ती हलगी.

मागं घेतली. परत लावली.
खोक्याच्या पाठीला एक बारका स्विच असतो, फेजचा.
शून्यावर केला. एकशेऐंशीवर केला.
खोकं चार बोटं सरकवलं,
फुली पुसून दुसरी मारली.
घुमकं हललं नाही.

वत्सला म्हणाली, पुरे आता, खालचे लोक येतील वर.

सिद्राम हल्ली हुपरीला असतो, लेकाकडं.
चांदीच्या पट्ट्यांना घुंगरू लावतो म्हणे,
बसल्या जागी.
प्रीतमला विचारलं,
ही कॅसेट फोनवरून पाठवता येते का रे?
येते की, म्हणाला.
पण त्यात तुमची हलगीच तेवढी वाजणार, मामा.