सहा तासांची चिठ्ठी
(दाबोळी, डिसेंबर १९७१)

माळावर आमची तोफ
माडाच्या झावळ्या पांघरून बसलेली.
सुभेदार शेळके म्हणाले, "खोत, नऊ रात्री झाल्या,
तुझ्या डोळ्यांना आता आभाळाचा रंग चढलाय.
जा, चर्चबिर्च बघून ये. दिवस बुडायच्या आत परत."

कुठ्ठाळीला फेरीबोट. पलीकडे आगशी.
मासळीच्या पाट्या, पोत्यात एक डुक्कर, एक पाद्री,
आणि वर्दीतला मी. तिकीट कुणी मागेना.
इंजिनाच्या धडधडीत
मी दुसराच आवाज शोधत होतो.

जुन्या गोव्यात फेस्त होऊन गेलेलं.
फेस्ताच्याच संध्याकाळी रेडिओ बोलला म्हणे,
मग अर्धे मांडव तसेच राहिले.
लाल मातीत खाज्यांचा चुरा, त्याला मुंग्या.

आत शिरताना टोपी काढावी की सॅल्यूट ठोकावा, ठरेना.
सोन्याच्या वेलींत पंखवाली पोरं.
मी त्यांच्या पंखांकडेच बघत राहिलो,
आकार ओळखायची सवय.

टेकडीवर एक बुरूज, उभा अर्धाच.
अंतर चारशे. कोन सात अंश.
मोजून झाल्यावर कळलं, मी मोजतोय.
रखवालदार म्हणाला, "बॉम्बनं नाही पडला हो,
पावसानं. आणि कुणी लक्ष दिलं नाही म्हणून."
मला हायसं वाटलं.
का वाटावं?

दाराशी एक बाई मेणाचे अवयव मांडून:
हात, पाय, तान्हं मूल, काळीज.
"कितें दुखता तुका?"
दुखत तर काहीच नव्हतं.
म्हटलं, कान आहेत? रात्रभर ऐकतो मी.
कान नव्हते. डोळे होते,
एकाच पट्टीवर, जोडीनं.
चार आण्यांना घेतले.
"भितर लाय," ती म्हणाली.
घड्याळात सव्वातीन. फेरी चुकली असती.
तिकडेच लावीन, म्हटलं.

तिकडे कसला लावतोय!
विडीसुद्धा मुठीत लपवून ओढतो आम्ही.
गुरमेलला दाखवले. त्यानं पट्टी उलटीपालटी केली,
"यार, हे तर मिटतच नाहीत."

दहाव्या रात्रीही काही आलं नाही.
एक घुबड, आणि विझलेल्या बंदरावर
समुद्र आपला चालू.

पहाटे खिशात हात घातला.
पे-बुकाला चिकटून, माझ्याच उबेनं
डावा डोळा उजव्यात उतरत चालला होता.

चर्च चांगलं होतं.
सुभेदारांना तेवढंच सांगितलं.