वासाची सवय

तेरला पांढरीची माती वावरात टाकतात.
काळी दमली की पांढर तिच्या पोटात घालायची,
हा आमच्याकडचा जुना हिशोब.
परवा ट्रॉली रिकामी करताना फावड्याला टक्क वाजलं.
बोटाएवढा घोडा, भाजक्या मातीचा,
पुढचा एक पाय नाही,
दोन्ही कान मागे, मानेला चिकटलेले.

घोडं पाळलेल्या कुणालाही विचारा,
कान असे कधी पडतात.

तेवढ्यावरून मी हे सगळं रचतो आहे.
खरं असेलच असं नाही.

याच तेरणेच्या काठी, गावाला तगर म्हणायचे तेव्हा,
इसिल नावाचं पोरगं राजाच्या पागेत होतं.
काम एवढंच :
भडोचच्या वाटेने सिंधची शिंगरं आली
की त्यांना हत्तीखान्याच्या वाऱ्याला बांधायचं.
हत्ती घोड्याला दिसायच्या आधी नाकात शिरतो.
पहिल्या रात्री दावी तुटत, खुंटे उपटत,
तोंडाला फेस येई.
इसिल हत्तीची लीद अंगाला चोळून
त्यांच्या मधोमध निजायचा.
सकाळी त्याच हातांनी चंदी, भिजले हरभरे, गुळाचा खडा.
पंधरा दिवसांनी ठाण वीस हात पुढे.
महिन्याने शिंगरू हत्तीच्या सावलीत
उभ्या उभ्या पेंगायचं.
"मुरलं," अश्वाध्यक्ष म्हणायचा, आणि डाग द्यायचा.

वाउ उशिरा मुरला.
नाव वाऱ्याचं, काळीज पाखराचं.
चाळीस दिवस इसिल त्याच्या कानाशी बोलत राहिला :
अरे, पाला खातो तो,
मुंगी चावली तरी कळवळतो,
भिऊ नको.
भिऊ नको रे.

मग लढाई. कुठली, ते मला माहीत नाही.
गोदेपलीकडे कुठेतरी, सुगी उरकल्यावर,
कारण काळ्या चिखलात हत्ती रुततो.
समोरच्यांनी आदल्या रात्री हत्तींना
मोहाची दारू पाजली, रांजणच्या रांजण.
दिवस कासराभर वर आला
आणि ते आले.
माहूत पाठीवर होते, पण नुसते होते.

आपल्या डाव्या अंगाला भाडोत्री स्वार,
त्यांचे घोडे रानवट, कुणी न शिकवलेले.
वास आला तशी त्यांनी तोंडं फिरवली.
लगाम नाही, चाबूक नाही, आईमाईवरून शिव्या नाहीत,
काही जुमानलं नाही,
थेट नदी गाठली.
रात्री शेकोटीपाशी लोक त्यांना हसले.
हसायला जे उरले होते, ते.

उजव्या अंगाला तगरची पागा.
ती जागची हलली नाही.
वास ओळखीचा होता,
झोपेचा, गुळाचा.
सोंड वर आली तेव्हा
वाउने मान पुढे केली असेल,
तोबरा येताना करायचा तशी.

पुढच्या वर्षी नवी शिंगरं आली.
इसिल नाही आला.
तो कुंभाराकडे माती तुडवायला राहिला होता,
मग जत्रेची खेळणी करू लागला.
हत्ती केले नाहीत कधी. घोडेच.
गिऱ्हाईक म्हणायचं, कान उभे कर की,
असा काय बुजल्यासारखा दिसतो?
तो करायचा नाही.
ओल्या मातीत चिमटीने
एकेक कान मागे ओढायचा,
नीट दाबून बसवायचा,
आणि मगच भट्टीत ठेवायचा.

पोरगं म्हणतं, म्युझियमला देऊन टाका.
देणार आहे.
तोवर ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलाय उन्हाला,
तोंड रस्त्याकडे करून.
तीन पाय तर तीन.