पाच मिनिटांत

आजवा रोडवर, कमानीखाली,
मगरीच्या वेषातल्या कुणीतरी
रबरी पंजानं नातीला टिळा लावला.
तो नाकावर उतरला.
मग कोकमाच्या रंगाचं, कोकम नसलेलं काहीतरी
इवल्या कागदी पेल्यांतून आमच्या हाती आलं.
'वेलकम ड्रिंक,' सुजय म्हणाला, 'पॅकेजमध्ये आहे.'

पॅकेजमध्ये तळंही होतं.
खिडकीतून दिसलं ते असं:
आधी पंपाची खोली, मग वाळत घातलेल्या चादरी,
आणि दोन चादरींच्या फटीत, वारा सुटला तर,
चार बोटं पाणी.
सून म्हणाली, फोटोत हे नव्हतं.
फोटोत चादरी कुठून असणार?

चौघांत दोन टॉवेल.
एसीतून थेंब, थेंबाखाली केराची बादली.
सुजयनं नऊ दाबलं.
'पाच मिनिटांत, सर.'
अर्ध्या तासानं पुन्हा नऊ.
'बस, पाच मिनिट, सर. माणस नीकळी गयो छे.'

स्पीकरवरचं ते 'नीकळी गयो छे'
ऐकलं, आणि मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.
हे वाक्य माझं होतं.

एकतीस वर्षं, वीज मंडळाची तक्रार खिडकी,
रावपुरा, रात्रपाळी, एक काळा फोन.
मांडवीत अंधार, वाडीत अंधार,
फतेपुऱ्यात लग्नाचा मांडव आणि अंधार.
लाइनमन दोन, शिडी एक.
आणि मी: माणस नीकळी गयो छे.
माणूस माझ्या समोरच डबा उघडून बसलेला असायचा.
कधी तर तोही नसायचा.
खोटं म्हणा हवं तर.
मला वाटायचं, पलीकडच्याला अंधारात
बसायला एक पाट सरकवला, इतकंच.

लेंग्यावरच खाली उतरलो.
लाँड्रीच्या दारात मगर बसली होती,
डोकं काढून मांडीवर घेतलेलं,
त्याच्या उघड्या जबड्यात सेव-ममऱ्याची पुडी.
वर विशीचं पोर, घामानं निथळलेलं.
हितेन राठवा, छोटाउदेपूरकडचा.
दिवसा मगर, आठनंतर रूम सर्व्हिस.
आज दोघं आलेच नाहीत, म्हणून
अजून अर्धा मगरच.
'टॉवेल मशीनमां छे, काका.'

किती वेळ, विचारलं,
आणि त्याच्या ओठांवर ते उत्तर जुळून येताना दिसलं.
म्हटलं, ते नको. खरं सांग.
त्यानं ममरे चावणं थांबवलं.
मशीनच्या काचेकडे बघितलं, आत गरगरणाऱ्या पांढऱ्याकडे,
बोटांवर मजले मोजले.
'पोणो कलाक.'

वर येऊन सांगितलं, पाऊण तास.
सुजय भडकला: 'पण ते तर पाच मिनिटं म्हणाले!'
ऋजुतानं मात्र ऐकलं, घड्याळ बघितलं,
पोरीला आंघोळ घातली
आणि स्वतःच्या ओढणीनं पुसून काढली.
पाऊण तास म्हटल्यावर
माणसाला काहीतरी करता येतं.

टॉवेल आले तासाभरानं.
दोन हंस, माना एकमेकांत अडकलेल्या,
एकाची मान जरा जास्तच वाकडी.
नातीनं त्यांना झोपू दिलं नाही, पाण्यात सोडायला निघाली.

सकाळी मोबाइलवर फॉर्म आला.
सेवेबद्दल समाधानी आहात का? पाच तारे, रिकामे.
आमच्या रजिस्टरातही शेवटी एक रकाना असायचा,
'समाधान झाले', तारीख, सही.
लोक नुसती सही करत.
फतेपुऱ्याच्या त्या एकानं तेवढं लिहिलं होतं:
लाइट आवी. जान जती रही पछी.
मी त्याखाली लाल रेघ मारून सही केली होती.
दुसरं काय करणार?

'बाबा, किती देऊ?'
म्हटलं, तारे तुझे तू बघ.
खाली जागा आहे ना, तिथे लिही,
टॉवेल उशिरा आले, पण ऊन होते.
आणि एसीचं सोडू नकोस.
बादली रात्री दोनदा मीच ओतलीय.