सात नंबरचा चमचा

माझ्या दुकानात थिनर सुटं मिळतं.
पाव लिटर, अर्धा लिटर, बाटली आपली आणायची.
मागच्या गोदामात, पुट्टीच्या पोत्यांआड
जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आहे,
त्याला एअरब्रश, आणि समोर
तळहाताएवढ्या गाड्या.
वणीत हे कोणाला सांगायची सोय नाही.
"खेळणे रंगवते काय, बाई?"
रंगवते.

लटारी आत्राम आला तो पिशवीत डबा घेऊन.
झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकावं लागलं,
वर जाड साय, खाली पिवळा.
"मुकुटबन लाइनच्या ट्रेकरचा हाय.
गाडी भंगारात देल्ली, डबा ठेवला.
टपाले हाच लाव. दुसरा नाही पाहिजे."

त्याचा डबा ऑइल पेंटचा.
माझी चमक लॅकरची.
लॅकरवर ऑइल पेंट बसतो, मुकाट बसतो.
पण ऑइल पेंटवर लॅकर मारलं
की खालचा थर जागा होतो, अंग उचलतो,
आणि आठवड्याची मेहनत
अर्ध्या मिनिटात सुरकुतते,
भाजल्या वांग्याच्या सालासारखी.
वरून सुकलं म्हणजे आतून सुकलं, असं नसतं.

म्हणून चमचे. आइस्क्रीमवाल्याकडचे, प्लास्टिकचे,
थर्माकोलात उभे रोवलेले,
पाठीवर पिवळा, दांडीवर तारीख.
एक नंबरला दुसऱ्याच दिवशी लॅकर. गेला.
दोन नंबरला आठ दिवसांनी. मधे टिकला, कडेनं गेला.
तीनवर लांबून मारलं, नुसतं धुकं,
पण मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा,
लॅकर हवेतच सुकलं नि चमच्यावर
रवा होऊन पडलं.
चारवर कोळशाची कणी बसली.
वारं खाणीकडून होतं आणि खिडकी मीच उघडी ठेवलेली.
पाच मारताना लाइन गेली.

दर बाजाराला लटारीभाऊ काउंटरशी.
"झालं काय?"
"वास येते अजून."
"कायचा?"
मी चमचा त्याच्या नाकापुढे धरला.
"वास येते तोवर आतून ओलं राहते, भाऊ."
त्यानं बराच वेळ हुंगला.
"मंग लग्नाआंधी
जवायाले हुंगून पाहाले पाहिजे होतं."

सहावर मी मधे पाण्याचं अॅक्रिलिक दिलं,
दोन भांडणाऱ्यांत पोलीस पाटील बसवावा तसं.
लॅकर पोलीस पाटलालाही बधलं नाही.

सातवर काही मारलं नाही.
विसरले म्हणा. लग्नसराई होती,
अख्खं गाव डिस्टेंपर मागत होतं, निम्मं उधारीवर.
दीड महिन्यानं हाती आला तेव्हा
पिवळा मंद झालेला, जरासा खरखरीत,
नख रुतत नव्हतं. वास नव्हता.
काउंटरवर तसाच पडला होता,
सुटे पैसे नि रंगाच्या कार्डांमधे.

लटारीभाऊनं उचलला.
"हाच."
"अजून चमक मारली नाही त्याले."
"टपाले कुठची चमक, बाई?
अकरा मानसं बसे टपावर, एक बकरी,
वरून तुरीचे चार कट्टे.
चमकन कसा?"

मग मी सगळं उलटं केलं.
आधी काळं अंग, त्यावर लॅकर, तीन हात,
आरसा होईपर्यंत.
मग टप सोडून सगळीकडे टेप,
आणि सगळ्यात शेवटी, चमकीच्याही वर,
त्याचा पिवळा. पातळ करून, दोनदा.
कुठं काही उचललं नाही.

गाडी त्यानं दुपट्ट्यात गुंडाळून नेली.
पैशांचं बोलणं झालं नाही, दोघांकडूनही.
डबा मात्र इथंच ठेवून गेला,
तळाशी दोन बोटं रंग अजून आहे.
झाकण ठोकून बसवलं,
वर मार्करनं लिहिलं,
पुन्हा कोणाच्या हाती लागला तर म्हणून:
यावर काही मारू नये.